तांबड्या बोकडाची शिल्लक

पंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला तेव्हा कडूबाई बाजारात मिरच्या निवडत होती. कोंडवाड्यातली जी जनावरं कोणी सोडवून नेली नाहीत त्यांचा लिलाव झाला, दंड आणि चारापाणी वजा जाता उरलेले पैसे पंचायतीत पडून आहेत, तपासणीवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं आहे, तेव्हा मालकांनी ओळख पटवून आपापले पैसे न्यावेत, असं भोंगा सांगत होता. मग जनावरांची नावनिशी सुरू झाली. एक गाढव, दोन कालवडी, आणि "एक तांबडा बोकड, डावा कान चिरलेला."

मिरची हातातच राहिली. गेल्या साली कडूबाई मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेली असताना वस्तीवरून नाहीसा झालेला बोकड तांबडाच होता, आणि तारेत अडकून त्याचा डावाच कान चिरला होता. त्याला लांडग्यानं नेलं, असं तिच्या नवऱ्यानं, धुळाजीनं, तिला सांगितलं होतं. तेव्हापासून कडूबाईनं त्या लांडग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

तणतणत ती वस्तीवर आली. "आवो, उठा. लांडगा पंचायतीत बसलाय. आपला बोकड इकला आन् पैसे दाबून बसलेत."

धुळाजीला आनंद व्हायला हवा होता. तो बाजेवरून पाय खाली सोडून जमिनीकडे बघत राहिला. "जाऊ दे की. सरकारी पैसा हाय. तेच्या नादी कावून लागायचं?"

"सरकारी? बाटलीनं दूध मी पाजलंय त्याला. सरकारनं न्हाई. चला."

पंचायतीत ग्रामसेवक अंगद भाऊसाहेबांसमोरच्या खुर्चीत रामकिसनराव आधीच बसले होते. रामकिसनरावांच्या गोठ्यात ट्रॅक्टर होता, शेळी कधीच नव्हती. तरी बोकड आपलाच होता असं ते सांगत होते.

"एका बोकडाला दोन मालक झालेत," भाऊसाहेब म्हणाले. "बाई, तुमच्याकडं पुरावा काय? फोटो, डॉक्टरचा दाखला, काही?"

"माझाच एक फोटो हाय, त्यो आधार कार्डावर. बोकडाचा कुठून आनू?"

"मग कसं ठरवायचं?"

कडूबाईचं डोकं फिरलं. पदर खोचून ती रामकिसनरावांकडं वळली. "सांगा दादा, तुमचा बोकड काय खायचा?"

"काय म्हंजे? गवत. पाला."

"ऐका भाऊसाहेब. गवत म्हनं. आवो, माझ्या बोकडानं कधी गवताला तोंड लावलं न्हाई. त्यो कापसाची बोंडं खायचा. ह्यांच्याच रानातला आर्धा तुकडा त्यानं साफ केला. वाळत घातलेलं लुगडं आसू द्या, पातळ आसू द्या, पदराकडून सुरू करायचा. गावातल्या परमेश्वरच्या लग्नात मांडवाचं तोरन खाल्लं, वर नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या. आन् पुरुषभर उंचीची भिंत त्यो उभ्यानं टपून पल्याड जायचा. हाय का असा बोकड दुसऱ्या कुनाचा?"

दाखल्यांसाठी आलेली माणसं दारात गोळा झाली होती. ती एकमेकांकडं बघू लागली. मग घरपट्टी भरायला आलेल्या विजयमालाबाई पुढे झाल्या. "ते पातळ माझं होतं," त्या म्हणाल्या. "भावानं दिवाळीला घेतलेलं."

"आन् मुंडावळ्या माझ्या," मागून परमेश्वर बोलला.

रामकिसनरावांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. "भाऊसाहेब, माझा हक्क मी मागं घेतो. बोकड ह्यांचाच. तेवढं माझ्या कापसाचं बघा."

"ओळख पटली," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. कापूस वजा झाला, पातळ वजा झालं, मांडव वजा झाला. शेवटी त्यांनी घसा साफ केला. "बाई, सगळ्यांचं भागवून वर तुमच्याकडंच थोडं येणं निघतंय."

कडूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता.

"म्हनूनच," तो पुटपुटला, "शिपाई इचारायला आला तवा मी म्हनलो, बोकड आमचा न्हाई."

म्हणजे लांडगा तिच्या घरातच होता. पण त्याचा हिशेब वस्तीवर गेल्यावर करता आला असता. कडूबाई टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"भाऊसाहेब, लिलावात बोकड घेतला कुनी?"

भाऊसाहेबांनी उगीच कागद चाळले. "रामकिसनरावांनी."

"सोताचा बोकड सोताच इकत घेतला? आन् केलं काय त्याचं?"

"कापून कंदुरी केली," रामकिसनराव भिंतीकडं बघत म्हणाले. "उरुसात. गावजेवन होतं."

"कोन कोन जेवलं?"

परमेश्वर चपलेच्या अंगठ्याकडं बघू लागला. भाऊसाहेबांनी शर्टाचं खालचं बटण सारखं केलं. ते पहिल्या पंगतीला होते.

"म्हंजे त्यानं तुमचं खाल्लं आन् तुमी त्याला खाल्लं," कडूबाई म्हणाली. "फिटंफाट झाली. आता माझे पैसे काढा."

"पातळ तसं विटलेलंच होतं," विजयमालाबाई म्हणाल्या. कापसाचा विषय पुन्हा निघाला नाही. भाऊसाहेबांनी सही घेतली आणि नोटा मोजून दिल्या.

नोटा कनवटीला लावून कडूबाई वस्तीच्या वाटेला लागली. धुळाजी चार पावलं मागे. ती मागे न बघता बोलत होती. "अख्ख्या गावानं खाल्ला. माझ्या हातावर वाढलेलं लेकरू. एकाला तरी घास गिळताना कायी वाटावं का न्हाई?"

धुळाजी आणखी दोन पावलं मागे पडला. बोलता बोलता तिची चाल मंदावली. त्या उरुसाला ती गोदाकाठून परत आली होती. मांडवाच्या उजव्या अंगाला बायकांची पंगत बसली होती. विजयमालाबाई तिच्या शेजारी होत्या.

ती थांबली. "तवा तुमी जेवला न्हाई. पोट दुखतंय म्हनलात."

"हं."

"मला एका शब्दानं सांगायचं की."

"सांगनार व्हतो," धुळाजी म्हणाला. "पन तू दुसऱ्यांदा रस्सा मागितलास, आन् वाढप्याला म्हनलीस, बोकड कुना का बाईचा आसंना, लई जीव लावून पोसलाय."