भिंतीवरचा स्वच्छ डाग

टप्प!

दुपारच्या शांत घरात फ्रिजवरचं चुंबक फरशीवर पडलं आणि त्याच्या पाठोपाठ यादी. 'नाताळच्या सुट्टीची तयारी, तणावाशिवाय' असं वर ठळक लिहिलेलं आणि खाली सोळा कामं. सोळाच्या सोळा कामांपुढे बरोबरची खूण झाली होती. लेक झोपली होती, नणंद यायला अजून तीन तास होते. अशा वेळी शहाण्या बाईने चुंबक जागेवर लावावं आणि पाय पसरून बसावं. पण हिच्या जिवाला स्वस्थता कुठली!

यादी उचलायला ती वाकली आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिला बाहेरच्या खोलीची भिंत दिसली. सोफ्याच्या जरा वर एका बोटाचा डाग होता. बोट छोटं होतं, जॅमचं होतं आणि कोणाचं होतं हे विचारायची गरज नव्हती.

नणंद स्वभावाने वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ती यायची, पर्स ठेवायची, "तू बस गं, दमली असशील," म्हणायची आणि बाह्या सरसावून ओटा घासायला लागायची. सात वर्षांत ती या घरातल्या सोफ्याला एकदाही टेकली नव्हती. ती घासत असताना आपण बसून राहायचं म्हणजे बाई आपल्यासमोरच आपला पेपर तपासताहेत आणि लाल पेन काही थांबत नाही, असं व्हायचं. यंदा काही झालं तरी ताईंना बसवायचंच, असा हिने पण केला होता.

तिने ओल्या फडक्याने डाग पुसला. डाग गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. हा स्वच्छतेचा डाग होता, वाटीएवढा, पांढराशुभ्र. सकाळपर्यंत चांगली दिसणारी उरलेली भिंत त्याच्या शेजारी महिनाभर तापाने झोपून उठल्यासारखी दिसायला लागली. कडा मिसळून टाकाव्यात म्हणून तिने आजूबाजूला पुसलं. वाटीची ताटली झाली, ताटलीची परात.

तेवढ्यात नवरा आला. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, आज अर्धी रजा टाकून आला होता.

"तुला भिंतीवर काय दिसतंय?" तिने विचारलं.

"भिंत."

दिवसभर दुसऱ्यांचे नंबर काढणारा माणूस हा!

"नीट बघ. तो गोल."

"अरे हो! काय मस्त स्वच्छ झालंय तिथे."

"तिथेच झालंय ना!"

"एवढंच? मग जरासं मळवून टाकू परत," असं म्हणून त्याने तळहात फिरवलासुद्धा. हाताला चष्म्याच्या बिजागरीचं तेल होतं. परातीच्या मधोमध पाच बोटं उमटली.

"बाबा, वाघाचा पंजा!" झोपेतून उठून आलेली लेक टाळ्या वाजवत म्हणाली. ती पाच वर्षांची होती आणि दिवसभर चालणाऱ्या आवाजामुळे घरात तिला टिटवी म्हणायचे.

आता अख्खी भिंत पुसण्यावाचून इलाज नव्हता. सोफा ओढून खोलीच्या मध्यावर आणला. त्याच्यामागे तीन पेन्सिली, एक मोजा आणि 'मी नाही हं हरवला' असं तिघांनीही शपथेवर सांगितलेला रिमोट निघाला. त्यावर वाद घालायला वेळ नव्हता. भिंत पुसत पुसत ते पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोचले.

"कपाटामागे कोण बघायला जाणार आहे?" नवरा म्हणाला.

"ताई."

त्याने कपाटाला हात घातला. बहीण त्याचीच होती.

कपाट हलवायचं तर पुस्तकं काढायला हवीत. ती काढून जमिनीवर रचली, खोलीभर गठ्ठेच गठ्ठे झाले. मग तो मळक्या पाण्याची बादली, फडकी आणि झाडू स्वयंपाकघरात ठेवून आला आणि तिथूनच दारात उभा राहून कपाट आपल्याकडे ओढायला लागला.

"ढकल!"

"ढकलतेय!"

"अगं तिरकं नको, थांब!"

"थांबू की ढकलू? एक काय ते सांग!"

कर्रर्र करत कपाट स्वयंपाकघराच्या दारात शिरलं आणि चौकटीत घट्ट बसलं. पुढे जाईना, मागे येईना.

तेवढ्यात बेल वाजली.

"बस वेळेआधी पोचली गं," दारात नणंद म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा!" मग तिची नजर आत गेली. दोन रंगांची भिंत, खोलीच्या मधोमध सोफा, भोवती पुस्तकांचे गठ्ठे. तिने पर्स ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"फडकं दे बघू."

"आत आहे, ताई."

"झाडू?"

"तोही आतच."

"आणि हा कुठे उलथलाय?"

"ताई, मीपण आतच आहे!" कपाटाच्या पलीकडून आवाज आला.

नणंदेने चारी दिशांना पाहिलं. उभं राहायलाही धड जागा नव्हती. मग गठ्ठे ओलांडत ती सोफ्यापर्यंत गेली आणि बसली. सात वर्षांनी बसली! पण हिला मात्र रडू यायच्या बेतात होतं.

"ताई, खरंच सगळं झालं होतं हो. सोळाच्या सोळा कामं..."

"गप गं. दरवर्षी तू दार उघडतेस तीच अशी ताठ उभी राहून, जशी मी तपासणीलाच आलेय. मग मला वाटतं, नुसती पाहुणी होऊन बसले तर हिला ओझं होईल. म्हणून घेते ओटा घासायला." तिने मान मागे टेकली. "हौस आहे होय मला ओटे घासायची? घरी सासूबाई, मुलं, सगळ्यांचं उरकून येते. इथे मी आराम करायला येते गं."

कपाटाच्या वरच्या फटीतून चहाचा कप धरलेला हात बाहेर आला. नणंदेने अर्धा चहा प्यायला आणि कप मांडीवर धरूनच ती झोपून गेली. हिने अलगद कप काढून घेतला, उरलेला चहा पिऊन टाकला आणि ही पुस्तकांच्या एका गठ्ठ्यावर टेकली.

टिटवी आत्याचं किंचित उघडं तोंड जवळून निरखून आली आणि आईच्या कानाशी लागली. "आई, आत्या आराम करायला आपल्याकडे आली ना?"

"हो राणी. हळू बोल."

"मग तू आराम करायला कोणाकडे जाणार?"

कपाटाच्या वरच्या फटीतून चहाचा दुसरा कप बाहेर आला.