सुभानजी जमादाराचे कोपरीवाले पिस्तूल

श्री. वाग्देवी जिभेवर असो, कुलदैवत पाठीशी असो. शके सोळाशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध द्वादशी, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. ऐकणार खरे मानणार नाहीत, आणि मानावे ऐसा आग्रहही नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच पुढे आपल्या डोळ्यांस लबाड म्हणू लागले, मग कानांनी ऐकणारांची कथा काय? राज्याचे नाव सांगत नाही, कारण तेथील कचेरी अद्याप चालू आहे आणि हात तोडण्याचा कायदा कोणी मोडल्याचे ऐकिवात नाही.

त्या राज्याचे पश्चिमेस एक घाट, घाटाचे माथ्यावर एक चौकी, आणि चौकीवर सुभानजी घोलप जमादार. मोठा नेमबाज. उडत्या पाखराचे शेपटीचे पीस गोळीने उडवी आणि पाखरू तसेच पुढे जाई, घरट्यात बसू लागल्यावर त्यास तोटा कळे. पुढे एका मोहिमेत मोठी जेजाल बंदूक डागता डागता फुटली आणि सुभानजीचा डावा हात कोपरापासून गेला. महाराज संतोष पावले आणि त्यांनी भरजरी शेला दिला. तो कमरेस बांधावयास दोन हात लागतात ही गोष्ट मात्र कोणाचे ध्यानी आली नाही. मुजऱ्यास एक हात पुरतो, नमस्कारास दोन लागतात, म्हणून सुभानजी देवळात जाणे टाकून दरबारातच जाऊ लागला. ऐसे असता दंडक होता की, चौकीदाराने वर्षाचे वर्षास चौकीजवळील पाण्याच्या टाक्याच्या काठी उभे राहून समोरील वडाचे खोडास गोळी लावून दाखवावी, न लागल्यास चौकी दुसऱ्यास द्यावी. लांब बंदूक एका हाती पेलेना, नळी नांगरासारखी भुईकडे जाई. पिस्तूल पेले, परंतु त्याची गोळी वडापर्यंत जाता जाता वाटेतच विसावे. मग चौकी जाणार, आणि घोलप म्हणजे चौकी, चौकी म्हणजे घोलप, तीन पिढ्या हेच चाललेले, ऐसा घोर त्याचे जीवास लागला आणि अन्न गोड लागेना.

तेव्हा त्याची बायको भागू, जी घाटाखालील बाजारात कोंबड्या विकी, ती म्हणाली, "आवो, रडत बसून हात उगवतोय व्हय? निंबाजीकडं जा की." निंबाजी लोहार म्हणजे सिंहाचे दाढेस सोन्याची टोपी बसवून आलेला कारागीर, ऐसे तो स्वतः सांगे. सुभानजीने जाऊन सर्व निवेदन केले आणि निंबाजी भाता थांबवून बोलिला, "जमादार, बंदूक आखूड करून देतो, पण कायदा ठावा आहे ना?" कायदा ऐसा की, कुंद्याची बंदूक, जी खांद्यास लावून झाडितात, तिची नळी दोन हातांहून आखूड असू नये, कारण आखूड बंदूक घोंगडीखाली लपते आणि चोरास सोयीची होते; जो ऐसी बंदूक करील अथवा बाळगील त्याचा उजवा हात मनगटापासून तोडावा. पिस्तुलास मर्यादा नाही, कारण पिस्तुलाने दरबारात अद्याप कोणी मेला नव्हता. सुभानजी आपले उजव्या हाताकडे पाहून म्हणाला, "निंबाजी, हाच एक उरलाय रे. भाकरी ह्यानंच, पाणी ह्यानंच." निंबाजी म्हणाला, "म्हणून तर बंदूक करायचीच नाही. पिस्तूल करायचं. पण बंदुकीसारखं."

आणि मग त्याने बहुत विचार केला. नळी दीड हात ठेविली, त्याहून लांब करिता तोल पुढे जाऊन मनगट मोडते, आणि आखूड करिता वड दूर पळतो. मागे कुंदा न बसविता जाड चामड्याची एक नळकांडी बसविली आणि तिला पट्टे केले, म्हणजे तीत हात कोपरापर्यंत घालून पट्टे दातांनी आवळावे, आणि सर्व भार एकट्या हातावर तोलावा. दारू गुडघ्यांत धरून भरावी लागे. निंबाजीने बजाविले, "एक ध्यानात धरा. नळी आखूड, तेव्हा दारू आत जळून सरत नाही, तोंडाशी येऊन जळते. गोळीच्या आधी आगच पोचेल. आणि दुसरं, हे खांद्याला लावू नका. हातात राहील तोवर पिस्तूल, खांद्याला टेकलं की बंदूक. मी लोहार आहे, शास्त्री नाही, पण एवढं मला कळतं." सुभानजीने विचारिले, "ह्या चामड्याला म्हणायचं काय?" निंबाजी म्हणाला, "कोपराला घालायची ती कोपरी."

त्या कोपरीच्या पिस्तुलाने सुभानजीने वडास ऐसी गोळी लाविली की वडाने दोन पारंब्या वर ओढून घेतल्या. परंतु शिलेखान्याचे दारोगे हैबतराव, ज्यांस ती चौकी आपल्या मेहुण्यास द्यावयाची होती, ते तेथे हजर होते, आणि त्यांनी हत्यार जप्त करून सुभानजीस आणि निंबाजीस दरबारी आणिले आणि फिर्याद गुदरली की, ही आखूड बंदूक आहे, कायद्याप्रमाणे हात तोडावा. महाराज सिंहासनी विराजमान होते. न्यायाधीश शास्त्रीबोवा यांनी हत्यार उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारिले, "हा कुंदा नव्हे काय?" निंबाजी म्हणाला, "कुंदा लाकडाचा असतो, बोवा. ही कोपरी आहे." शास्त्रीबोवा म्हणाले, "कोपरी अंगात घालतात." निंबाजी म्हणाला, "हीपण हातात घालतात. बाही म्हणा." तेव्हा सभेत मोठा वाद माजला, ही वस्तू शस्त्र की वस्त्र, आणि वस्त्र असेल तर फिर्याद शिलेखान्याची की जामदारखान्याची, आणि जामदारखान्याचे कारभारी म्हणाले, आमच्याकडे दारूचा वास येणारे कापड घेत नाहीत. अखेर शास्त्रीबोवांनी निवाडा केला की, वस्तूचे नाव काही असो, वापर पाहावा. जमादाराने मैदानात सर्वांसमक्ष बार टाकावा. हातावर राहिले तर पिस्तूल, जमादार निर्दोष. खांद्यास लागले तर बंदूक, तेथल्या तेथे हात तोडावा. ऐसे म्हणून एक ठोकळा आणि एक फरशी कुऱ्हाडही मैदानात मांडून ठेविली.

सुभानजी टाचेने भुई उकरीत उभा राहिला. त्यास कुऱ्हाडीचे भय तितके नव्हते जितके आपल्या खांद्याचे. वीस वर्षे बंदूक खांद्यास लावण्याची सवय, अंग आपले ऐकेल की सवयीचे, हे त्यासच ठाऊक नव्हते. भागू कोंबड्यांचे डालगे उपडे घालून कडेस बसली होती, ती म्हणाली, "धनी, खांदा मेलाय आसं समजा." निंबाच्या फांदीस गाडगे टांगिले, नगारा वाजला, सुभानजीने दातांनी पट्टे आवळिले आणि हात उचलिला, तो इतक्यात नगाऱ्याने चवताळून पिलखान्यातील रणमस्त नामे हत्ती, मद आलेला, साखळदंड तोडून मैदानात शिरला. त्याची हाक ऐकून तीन गावांतील दुभत्या म्हशी आटल्या. हत्ती सरळ सिंहासनाकडे धावला आणि सभा उठली. कोणी कोठे गेले याचा मेळ राहिला नाही. महाराज मात्र सिंहासनी मेरुपर्वतासारखे अचळ राहिले, ऐसे दप्तरी लिहिले आहे.

सुभानजी पळाला नाही. पळावे हे त्यास सुचलेच नाही, कारण हात पट्ट्यांत अडकला होता आणि हत्ती समोर होता. मग बार जाहला. नळीतून आगीचा लोळ ऐसा निघाला की गोळी मागे राहिली आणि आग पुढे गेली, आणि रणमस्ताचे मिशांचे केस, जे हत्तीस असतात हे त्या दिवशी प्रथम कळले, ते जळाले, आणि धूर ऐसा दाटला की कोंबड्या रात्र पडली समजून निजल्या. धूर विरला तेव्हा हत्ती मांडी घालून बसला होता, आणि सुभानजी चार पावले मागे उताणा पडला होता, आणि त्याचा उजवा खांदा ठणकत होता. तेव्हा त्याने ओळखिले की सवय जिंकली.

सभा हळूहळू पुन्हा जमली. कोणी धोतर झटकीत, कोणी श्वास घेत. शास्त्रीबोवा हौदाकडून आले, ते निथळत होते. महाराजांनी सुभानजीस शाबासी देण्यास तोंड उघडिले, तो हैबतराव पुढे होऊन म्हणाले, "सरकार, शाबासी मागाहून. न्याय आधी. खांद्यास लागली." शास्त्रीबोवा म्हणाले, "कोणी पाहिले?" हैबतराव म्हणाले, "मी पाहिले. सर्व पळाले, मी हत्तीची सोंड धरून उभा होतो. सोंडेच्या मागून डोके काढून पाहिले. साफ खांद्यास लागली." शास्त्रीबोवांनी सुभानजीस विचारिले, "जमादार, तुझे म्हणणे काय?" सुभानजी खोटे बोलणारा नव्हे. त्याने हाताकडे पाहिले, मग कुऱ्हाडीकडे, आणि म्हणाला, "महाराज, खरं सांगायचं तर..." तो भागूने त्याच्या पायावर पाय दिला आणि ती म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. म्हाराज, मी सांगते. दारोगेसायेब सोंड धरून न्हवतं. माज्या डालग्यात व्हतं. पागोट्याला बघा की, अजून पीस हाय. आन् एक अंडं फुटलंय, त्ये मागून बघा."

मागून पाहिले. होते. हैबतराव म्हणाले, "बाजारबसवी, तुझी जीभ..." भागू म्हणाली, "जीभ ऱ्हाऊ द्या, आधी अंडं पुसा, माश्या बसत्यात." सभा हसली. आणि तेव्हा महाराजांस क्रोध आला, की आपल्या समक्ष हे काय चालले आहे, आणि ते गर्जून बोलिले, "पुरे! दारोग्याची साक्ष गेली तर गेली. आम्ही स्वतः सिंहासनावरून रतिभर हललो नाही, आणि आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले की ती..." येथे महाराज थांबले. राजाची साक्ष म्हणजे शेवट, तिजवर दाद नाही. फरशीवाल्याने हात घासिले. सुभानजीने दातांनी पट्टे सोडून आपला हात आपणच ठोकळ्यावर ठेविला, कारण कोणी धरून ठेवण्यापेक्षा ते बरे. आणि भागू उभी राहिली, आणि पदर खोचून म्हणाली, "म्हाराज, तुमी सिंव्हासनावर न्हवता. तुमी चिंचंवर व्हता."

 रणमस्ताने कान हलविणे थांबविले. महाराजांनी आपले अंगरख्याकडे पाहिले, तो बगलेपासून फाटला होता आणि मंदिलात चिंचेची पाने होती. मग महाराज हळू आवाजात बोलिले, "बाई, चिंचेवरून काय दिसते?" भागू म्हणाली, "चिंचा, म्हाराज." तेव्हा महाराज शास्त्रीबोवांकडे वळून बोलिले, "लिहा. आम्ही चिंचा पाहिल्या."

मग शास्त्रीबोवांनी निकाल वाचिला की, साक्षीदार नाही, सबब खांदा सिद्ध नाही, सबब बंदूक नाही, सबब पिस्तूल. येणेप्रमाणे सुभानजीची चौकी त्याजकडे राहिली आणि हात त्याचे हाती राहिला. इति.