पिंपातला आत्मा

वियोरिकाबाईंचं टाळकं सकाळपासूनच फिरलं होतं. आज वर्गावर तपासनीस येणार होते. त्यांची मान हलली तर बाईंना वरची श्रेणी, नाहीतर पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघा. आणि पोरं इंग्रजी कवितेवर स्वतःचं एक वाक्य बोलतील तर शपथ! रोमानियन कवितांची रसग्रहणं घोकायची तशी ती इंग्रजीचीही घोकून येत. कविता कुठलीही असो, कवी एकाकीच.

म्हणून बाईंनी आदल्या दिवशी स्वतःच इंग्रजी कविता रचली. तिचं रसग्रहण घोकणार कुठून? विषयही समोरच होता. बाल्कनीत, तिथं घरोघरी असतं तसं, कोबी खारवायचं पिंप होतं. ते ढवळायचं काम नवऱ्याचं, आणि कोर्नेल रोज "उद्या" म्हणे. कोबी सडायला लागला होता.

बाईंनी कविता फळ्यावर लिहिली. "कवी अज्ञात आहे. सांगा, इथं कोण कोणावर चिडलंय?"

पहिल्या बाकावरची इलिंका ताडकन उठली. "बाई, पिंप म्हणजे आत्मा. खारं पाणी म्हणजे अश्रू. कवी एकाकी आहे."

"अगं, पिंप म्हणजे पिंप! तुझ्या घरी नाही का?"

"आहे ना."

"बाबांनी ढवळलं नाही तर काय होतं?"

"आई शिव्या घालते."

"मग!"

"पण बाई, त्याला परीक्षेत मार्क नाहीत."

मागे बसलेले तपासनीस तुदोसे खाकरले. "बाई, मुलगी बरोबर सांगतेय. उगाच तिची दिशाभूल करू नका. कवीला आत्माच म्हणायचाय."

"कवीला असलं काहीही म्हणायचं नाहीये!"

"तुम्हाला काय ठाऊक?"

बाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण तपासणीला घरची कविता खपवली हे कळलं, तर श्रेणीवर पाणी सोडावं लागलं असतं. त्यांनी दात आवळले. "बरोबर, साहेब. आत्माच."

"उत्तम! मुलं स्वतंत्र विचार करतात," म्हणत तुदोसेंनी मान हलवली.

श्रेणी मिळाली, पण बाई धुमसतच घरी आल्या. कोचावर पसरलेल्या कोर्नेलसमोर त्यांनी ती कविता रोमानियनमध्ये करून वाचली. पिंप घाण मारतंय, आळशी नवरा लोळतोय, बायको पेटलीय. एक शब्द गाळला नाही.

कोर्नेलने डोळे पुसले. "बिचारा कवी! किती एकटा असेल गं."

बाईंनी कोपऱ्यातला ढवळायचा दांडका उचलला. "ऊठ. आता याचा अर्थ सांग."

तो मात्र कोर्नेलला एका दमात कळला.