मूल उचलले आहे

भाषा शेवटी बटणांवर जगते. ज्या भाषेत 'पुढे', 'मागे' आणि 'रद्द' म्हणता येत नाही, तिचं काही खरं नाही, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. (तज्ज्ञ म्हणजे आमच्या पाळणाघराचा पालक-ग्रुप.)

या पाळणाघराचं एक अ‍ॅप आहे. मूल जेवलं, झोपलं, शी केली, की आईच्या फोनवर लगेच वर्दी येते. माझा यशोधन अडीच वर्षांचा. तो जेवला असेल का, ही काळजी पूर्वी मला फक्त जेवणाच्या वेळी करता यायची. अ‍ॅपमुळे ती दिवसभर करता येते. प्रगती म्हणतात ती हीच.

अ‍ॅप इंग्रजीत होतं. ते मराठीत हवं, अशी मागणी चौसष्टपैकी एकसष्ट पालकांनी एकमुखाने, इंग्रजीतून केली. माझा त्यात स्वार्थ होता. मी सातपूरला नोकरी करते आणि यशोधनला घरी आणतात सासूबाई. नवा नियम असा आला, की आणणाऱ्याने अ‍ॅपमधल्या सूचना वाचून दारातच बटण दाबायचं, तेव्हाच मूल ताब्यात मिळेल. सासूबाई लासलगावच्या, मराठी पेपर अग्रलेखासकट वाचतात, पण इंग्रजी दिसलं की फोन पालथा ठेवतात. म्हणजे एक तर अ‍ॅपला मराठी यायला हवी होती, नाही तर मी नोकरी सोडायला.

अ‍ॅपला मराठी आली. ती कशी आणतात, हे अ‍ॅपवाल्या कंपनीच्या हर्षलने मला समजावून सांगितलं. अ‍ॅप हे सुट्या तुकड्यांचं बनलेलं असतं: फोटोचा तुकडा, जेवणाचा तुकडा, बटणाचा तुकडा. पूर्वी प्रत्येक तुकडा आपला शब्द अंगावर बाळगायचा. आता तो फक्त टोकन बाळगतो आणि शब्दांच्या यादीपाशी जाऊन विचारतो, "माझा शब्द काय?" यादी शब्द देते. विचारणारा कोण, कशासाठी विचारतो, याची चौकशी करत नाही. (सरकारी खिडकीची कार्यक्षमता, पण जेवणाची सुट्टी नाही.)

यादी मशीनने मराठीत केली. 'कोणी पालक एकदा वाचून देईल का?' असं कंपनीने ग्रुपवर विचारलं, तेव्हा त्रेचाळीस अंगठे आले. कंपनीने ते वाचल्याची पोच म्हणून धरले.

मी सासूबाईंसाठी मराठी निवडली. आमचं खातं एकच, त्यामुळे माझ्याही फोनवर ती उमटली. सुरुवात फार चांगली झाली. सकाळी सोडल्यावर 'मूल टाकले' असा मेसेज यायचा. नोकरी करणाऱ्या बाईला समाज जे तोंडावर म्हणत नाही, ते अ‍ॅप रोज वेळेवर म्हणायचं. शी झाली की 'गती: पातळ'. (मूळ शब्द 'मोशन'.) फोटोखाली 'पाठ' असं लिहिलेलं असायचं, म्हणून मी रोज संध्याकाळी त्याचा शर्ट वर करून पाठ बघायचे. एकदा खरंच घामोळं सापडलं, तेव्हापासून अ‍ॅपवरचा माझा विश्वास वाढला. (तो 'बॅक' होता. मागच्या पानावर जाण्यासाठी.)

आणि गेल्या गुरुवारी, दारातल्या बटणाचा नियम लागू झाला त्याच दिवशी, मी मीटिंगमध्ये असताना मेसेज आला:

'यशोधन: उचलले आहे. उचलणारा: अपरिभाषित.'

खाली दोन बटणं होती. 'वाचवा' आणि 'रद्द करा'.

आई असलेली कुठलीही बाई जे करेल तेच मी केलं. 'वाचवा' दाबलं. अ‍ॅपने तत्परतेने कळवलं, 'यशस्वीरीत्या वाचवले.' बरं वाटलं, पण कोणी आणि कुठे, ते काही कळेना. मग 'रद्द करा' दाबलं. 'उचलणे रद्द करायचे का? होय / क्रमांक.' पोलिसांचा क्रमांक असेल म्हणून तो दाबला. पान बंद झालं. (तो 'नो' होता. यादीला वाटलं, 'नंबर'चं लघुरूप 'नो'.)

पाळणाघराचा फोन एंगेज, सासूबाई उचलेनात. स्कूटी काढली आणि त्र्यंबक रोडचे सिग्नल कोणत्या रंगाचे होते ते न बघता पोहोचले. संचालिका उत्तरामॅडम दारातच उभ्या.

"यशोधन कुठंय?"

"अहो, आजी घेऊन गेल्या की मघाशीच. मेसेज नाही आला?"

"आला ना! उचललं म्हणून!"

"हो, मग उचलूनच नेलं. चालायलाच तयार नव्हता."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. लासलगावच्या कांदा-लिलावाच्या गर्दीतही ऐकू जाईल असा त्यांचा आवाज आहे.

"आगं, किती फोन? घरी हाय तो. द्राक्षं खातोय."

"आई, चिरून दिलीत ना?"

"चार पोरं वाढवलीत मी."

"तो मेसेज वाचलात का, आई?"

"वाचला की. उचलले म्हनला. उचलला म्या. बरोबर लिवलंय, लय हुशार यंत्र हाय!"

मी हर्षलला फोन करून शब्द बदलायला सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, बदललं असतं, पण मराठी वापरणारं खातं एकच आहे. तुमचं. महिनाअखेर दहा झाली नाहीत तर मराठी बंद करायची असं ठरलंय."

"आणि त्या एकसष्ट जणांचं काय?"

"त्यांची मागणी पूर्ण झाली ना, ताई. मराठी आहे म्हटल्यावर ते निवांत इंग्रजी वापरतायत."

मी ग्रुपवर सगळं मराठीत लिहून टाकलं: नऊ खाती हवीत, नाही तर सासूबाईंना मूल मिळणार नाही आणि मला नोकरी सोडावी लागेल. पाच मिनिटांत निषेधाचा पूर आला. मराठीवर अन्याय होतोय, हे बावन्न जणांनी इंग्रजीत ठणकावून सांगितलं. एका आईने लिहिलं, 'ट्रान्सलेशन प्लीज. एवढं मराठी वाचायला वेळ लागतो.' संध्याकाळी हर्षलला आकडा विचारला. एक.

आपण अर्थात यांच्यातले नाही. एवढं मराठी इथपर्यंत वाचलंत, म्हणजे आपल्या फोनची भाषा मराठीच असणार. (बघून या. मी काही तपासत नाही.)