मोटारीचं मुसकं

"एक तास वीस मिनिटं," नागोरावानं जाहीर केलं. "त्यात हिंगोलीला पाणी घालायची पाच मिनिटं धरलेली आहेत."

व्यंकटराव पाटील ओट्यावर बसून पान लावत होते. त्यांनी चुन्याचं बोट खांबाला पुसलं.

"आन बैलाच्या दमणीनं?"

"आबा, दमणीनं अख्खा दिवस जाईल."

"जाईल. पर पोचंल का न्हाई?"

हा प्रश्न शास्त्रीय नव्हता, म्हणून नागोरावानं मोटारीचा भोंगा पुसायला घेतला.

नागोराव म्हणजे सेनगावाकडच्या त्या पाच-पन्नास उंबऱ्यांच्या गावातला पहिला बी.एस्सी. हैदराबादेत चार वर्षं शिकून आला होता. पोरगं पास झालं तर औंढ्याच्या नागनाथाला रुद्राभिषेक घालीन, असा नवस त्याच्या मायनं, पार्वतीबाईनं, केला होता. तो फेडायचा दिवस आज होता. गुरुजींना बाराच्या आतली वेळ सांगितली होती. अभिषेक होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असं पार्वतीबाईनं नवसातच घालून ठेवलं होतं.

पण नागोरावाचा जीव नवसात नव्हता, मोटारीत होता. व्यंकटरावांनी ती चौदा घोड्यांच्या ताकदीची मोटार सिकंदराबादेहून जुनीच विकत आणली होती, पोराच्या हट्टाखातर. आता त्यांचं मन औंढ्याच्या बाजारात पाहिलेल्या एका लाल कंधारी बैलजोडीवर बसलं होतं, आणि हिंगोलीचा एक जिनिंगवाला मोटार घ्यायला तयार होता. काल रात्रीच्या जेवणात त्यांनी शांतपणे निकाल दिला होता: "उद्या बाराच्या आत औंढा गाठलं तर मोटार राहील. न्हाई गाठलं तर परवा मोटार जाईल, आन गोठ्यात जोडी येईल."

नागोराव निश्चिंत होता. पंचवीस मैल अंतर, ताशी वीस मैल वेग. वेळ पाच चतुर्थांश तास. यात वाद घालण्यासारखं काहीच नव्हतं.

शिवाय त्यानं मोटारीची नुकतीच सुधारणाही केली होती. लढाईचे दिवस, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, तेही मोजून. या मोटारीची टाकी समोरच्या काचेच्या पुढं, इंजिनाच्या वरच्या अंगाला होती. तिथून पेट्रोल आपल्याच वजनानं नळीवाटे खाली कार्बुरेटरात उतरायचं. टाकीच्या टोपणाला तिळाएवढं भोक होतं. त्या भोकातून फाल्गुनाच्या उन्हात किती पेट्रोल उडून जात असेल, ते नागोरावानं दोन दिवस गणित करून काढलं. आठवड्याला सव्वा पळी. मग आबांच्या कपाटातली लखोट्यांवर मोहोर करायची लाल लाख घेतली, मेणबत्तीवर वितळवली आणि ते भोक आतून बुजवून टाकलं. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. निष्कर्ष हाती आल्याशिवाय शास्त्रज्ञ बोलत नाही. फक्त आपल्या वहीत पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलं. सुधारणेनंतर मोटार मळ्यापर्यंत नेऊन परत आणून, सारे मिळून अडीच मैल, चालवून पाहिली होती. उत्तम चालली.

सकाळी सात वाजता मोटार निघाली. मागं पार्वतीबाई, तिच्या मांडीवर कापसाच्या वाती, नारळ आणि तांब्या. पुढं व्यंकटराव, एका हातानं पटका आणि दुसऱ्यानं दार धरून.

तीन मैल मोटार हरणासारखी पळाली. चौथ्या मैलाला ती म्हाताऱ्यासारखी खोकली, मग हळू झाली, मग दोन हिसके देऊन उभी राहिली.

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"काही नाही. इंजिनाची शक्ती कमी पडली."

"ते दिसूनच राहिलं. काहून पडली?"

"तेच आता पद्धतशीर शोधू."

पद्धत म्हणजे पद्धत. आधी टाकीत पेट्रोल किती, ते पाहायचं. नागोरावानं खुणा केलेली बांबूची कामटी काढली आणि टाकीचं टोपण फिरवलं. टोपण सुटताना आवाज आला: फुस्स.

नागोरावाच्या मनाला गारवा वाटला. कोंडलेली वाफ! लाख काम करत होती. एक थेंब उडून गेला नव्हता. त्यानं कामटी बुडवली, अर्धी टाकी भरल्याचं वहीत टिपलं, आणि टोपण पुन्हा घट्ट बसवलं. मग चारही प्लग काढले, काजळी खरवडली, परत बसवले. इंजिन फिरवलं, तर पहिल्याच फेरीला सुरू झालं.

"प्लग," नागोराव म्हणाला आणि वहीत बरोबरची खूण केली. "पंचवीस मिनिटं गेली. भरून काढू."

पुढच्या तीन मैलांवर मोटार पुन्हा थांबली.

या वेळी दोष नळीतला ठरला. "आबा, पेट्रोल खाली उतरतं ते दाबामुळं. टाकी कार्बुरेटरच्या वर जितकी उंच, तितका दाब. दाब कमी पडला म्हणजे नळीत कचरा." आधी टोपण काढून कामटी, मग बाकीचं. पुन्हा फुस्स. टोपण लावलं. नळी सोडून तोंडानं फुंकली. तोंडात आलेलं पेट्रोल थुंकत त्यानं नळी जोडली. मोटार सुरू झाली. पुन्हा बरोबरची खूण.

तिसऱ्या थांब्याला कार्बुरेटर. चौथ्याला हिंगोलीच्या अलीकडं पेट्रोल मलमलीच्या कपड्यातून गाळणं. तो कपडा म्हणजे पार्वतीबाईनं देवासाठी घेतलेलं नवं उपरणं होतं, आणि पिवळं पडलेलं ते तिनं पुन्हा घडी करून नारळाखाली ठेवलं. दर वेळी मोटार सुरू झाली. दर वेळी तीन मैलांवर थांबली.

"तीन पूर्णांक एक दशांश, तीन, तीन पूर्णांक एक दशांश, आणि आता तीन," नागोराव वही पाहून म्हणाला. "बिघाड इतका नियमित असणं फारच विलक्षण आहे."

"व्हय," व्यंकटराव म्हणाले. "आपला गडी बी दर तीन तासाला असाच तमाखू खायाला बसतो. मी त्याला विलक्षण म्हणत न्हाई."

हिंगोली सोडल्यावर एक दमणी दिसू लागली. हलकी, दोन चपळ बैलांची, आणि तिच्यावर पांढऱ्या मिशांचा, लाल पागोट्याचा एक म्हातारा. तो तांड्यावरचा पेमा नाईक. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. आता पेमा शेती करायचा, पण नजर बैलावरून हटली नव्हती. तोही औंढ्यालाच निघाला होता.

मोटारीनं त्याला भोंगा वाजवून मागं टाकलं. अर्ध्या तासानं तो थांबलेल्या मोटारीपाशी आला.

"राम राम पाटील. तकलीफ काय हाय?"

"पोरगं शोधून राहिलं."

"भुकेली हाय का?"

"पोट भरलेलं आहे," नागोराव मोटारीखालून म्हणाला.

"मंग तहानली असंल," असं म्हणून पेमा पुढं गेला.

दहा मिनिटांनी मोटारीनं त्याला पुन्हा गाठलं. भोंगा वाजला, पण जरा हळू. पुन्हा अर्ध्या तासानं पेमा शेजारी उभा.

"पाटील, तुमची मोटार माझ्या बैलासंगं शर्यत लावून राहिली का?"

"बैल जिंकून राहिले," व्यंकटराव म्हणाले. त्यांनी उतरून बैलांच्या पाठीवर हात फिरवला, कातडी चिमटीत धरून पाहिली, दात पाहिले. चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मोटार घेतल्या दिवशीसुद्धा नागोरावानं पाहिलं नव्हतं. तो घाईनं पुन्हा इंजिनावर वाकला.

सव्वाअकरा वाजता औंढ्याच्या अलीकडच्या चढावर मोटार शेवटची थांबली. औंढा तीन मैल राहिलं होतं. आता संशय घ्यायला इंजिनाचा एकही भाग उरला नव्हता, म्हणून नागोरावानं ओझ्यावर संशय घेतला.

"चढावर वजन जास्त होतं. आबा, तुम्ही उतरा. माय, तू बी."

व्यंकटराव उतरले. पार्वतीबाई नारळ, तांब्या आणि वाती घेऊन उतरली. सकाळपासून पाणी न घेतलेली ती बाई बाभळीच्या सावलीत बसली आणि तिनं डोळे मिटले. मोटार रिकामी झाली, पण सुरू झाली नाही. कारण घाईत नागोरावानं या वेळी कामटी घातलीच नव्हती.

तेवढ्यात पेमाची दमणी आली. त्यानं काही न विचारता दोर काढला, बैल सोडले आणि मोटारीच्या पुढच्या दांड्याला जुंपले. "बसा पाटील," तो म्हणाला. "चौदा घोडे बसलेत ना आत? दोन बैल वढतेत त्यांना."

पार्वतीबाई पुन्हा मागं बसली आणि मोटार चढावर वर सरकू लागली. नागोराव चक्र धरून बसला होता आणि समोरच्या काचेतून त्याला फक्त बैलांच्या शेपट्या दिसत होत्या. व्यंकटराव बाजूनं चालत म्हणाले, "लई शांतपणे चालून राहिली आज. आवाज बी न्हाई."

माथ्यावर पेमानं दोर सोडला आणि दमणी आणायला खाली जायला निघाला. नागोरावाला काही सुचेना. माणसाला काही सुचत नाही तेव्हा तो आपली पद्धत करतो. त्यानं कामटी काढली आणि टोपण जेमतेम पाव फेरी फिरवलं.

फुस्स.

पेमा जागच्या जागी थांबला.

"मालक, थांबा! झाकण आवळा."

"काय?"

"आवळा लवकर. मंग पुन्हा सोडा. हळू."

"ती वाफ आहे नाईक. कोंडलेली वाफ बाहेर येते," टोपण आवळत नागोराव म्हणाला.

"बाहेर?" पेमानं मान तिरपी केली. "तोंडाला बांधलेलं मुसकं सोडल्यावर बैल असाच आवाज करतो. तो श्वास आत घेतो, मालक, बाहेर न्हाई टाकत." तो पार्वतीबाईकडं वळला. "बाई, एक वात द्या."

त्यानं वातीचा कापूस पिंजून जाळ्यासारखा पातळ केला आणि टोपणाच्या कडेशी धरला. नागोरावानं टोपण जरासं सैल केलं. कापसाचे तंतू बाहेर उडाले नाहीत. ते टोपणाच्या फटीकडं वळले, चिकटले आणि आत ओढले गेले.

नागोराव त्या कापसाकडं पाहत राहिला. सकाळपासून सात वेळा ऐकलेला आवाज त्याच्या डोक्यात उलटा वाजला. आत! वारा आत जात होता. पेट्रोल उतरलं की त्याची जागा घ्यायला वारा लागतो. वारा नाही तर टाकीत पोकळी होते, पोकळी पेट्रोलला वरच धरून ठेवते, आणि नळीतला दाब संपतो. नेमका तीन मैलांत. दर वेळी त्यानं टोपण उघडलं होतं आणि दर वेळी श्रेय प्लगला दिलं होतं.

पेमानं टोपण उलटं केलं, लाल डागावर नखानं टोचलं. मग बाभळीचा काटा मोडून ते भोक कोरलं. लाखेचे कण मातीत पडले.

"मळणीला मुसकं बांधावं," तो म्हणाला. "चढाला सोडावं. हे तर तांड्यावरचं लेकरू बी सांगंल. कोनं बांधलं हे?"

"घासलेटच्या डब्याला आमी दोन भोकं पाडतो," पार्वतीबाई सावकाश म्हणाली. "एकातून तेल येतं, एकातून वारा जातो. एक भोक पाडलं तर तेल गुळगुळ करतं आन थांबतं."

"माय, मग सकाळपासून बोलली काहून न्हाई?"

"मला काय ठावं, मोटार बी डबाच असती म्हणून."

व्यंकटरावांनी एक लाल कण उचलून तळहातावर घेतला. "कोनं केलं असंल हे?"

नागोरावानं टोपण परत घेऊन पुसलं. "पहिल्या मालकानं असंल," तो म्हणाला.

"असंल," व्यंकटराव म्हणाले आणि तो कण त्यांनी पटक्याच्या शेवात बांधला.

"ज्यानं केलं त्याच्या हातात बैल देऊ नका पाटील," पेमा म्हणाला आणि दमणीकडं गेला.

मोटार सुरू झाली. ती खोकली नाही, हिसकली नाही. बारा वाजायला दहा मिनिटं असताना ती औंढ्याच्या देवळापाशी उभी राहिली. नागोरावानं घड्याळ काढून आबांना दाखवलं. व्यंकटरावांनी पाहिलं आणि मान हलवली. "बोललो ते बोललो. मोटार राहील."

अभिषेक झाला. मधेच व्यंकटराव पानाचा डबा आणायला म्हणून मोटारीकडं जाऊन आले. तांब्याच्या अभिषेकपात्रातून पिंडीवर धार पडत होती. पात्राला वरून झाकण नव्हतं, हे नागोरावानं बारकाईनं पाहिलं. गुरुजींनी विचारलं, नवस कशाचा? पार्वतीबाई म्हणाली, "पोरगं शास्त्र शिकून पास झालं म्हणून." व्यंकटराव खोकले. मग तिनं तीर्थ घेतलं, त्यावर तांब्याभर पाणी प्याली, आणि नागोरावाला पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

बाहेर येऊन त्यानं मोटारीतून वही आणली आणि पायरीवर बसला. शेवटचा निष्कर्ष लिहायचा होता. सकाळभर ही वही मोटारीच्या पुढच्या बैठकीवर, आबांच्या शेजारी पडून होती. तिची त्याला काळजी नव्हती. हैदराबादेत सगळं शास्त्र त्यानं उर्दूतून शिकलं होतं, त्यामुळं टिपणंही उर्दूतच होती, आणि माय मोडीही वाचत नव्हती.

पान उलटताना त्याला आठवलं, की आबांनी तीस वर्षं तहसिलीचे कागद उर्दूतच वाचले होते.

पहिल्या पानावर, 'टोपणाचं भोक लाखेनं बंद केलं' या ओळीखाली, तहसिलीला अर्ज करतात तशा सुबक उर्दू अक्षरात आरोपीवरचा शेरा लिहिलेला होता:

"मुलजिम सकाळपासून गुन्ह्याच्या मौक्यावर हजर होता. चौकशी स्वतःच करून राहिला होता."

खाली तारीख होती, व्यंकटराव पाटलांची सही होती, आणि सहीच्या बाजूला, मोहोर लावावी तसा, लाल लाखेचा एक कण चिकटवला होता.