भूषणची सात झाडं

मोनिकासाठी घेतलेले सोन्याचे टॉप्स लग्नाच्या वाढदिवशी नुसते हातावर ठेवायचे, हे भूषणला पटत नव्हतं. नागपुरात ऑफिसातल्या मित्रांकडून तो जिओकॅशिंग शिकला होता. जंगलात डबा लपवायचा, झाडांवर खुणा लावायच्या अन् अंधारात बॅटरीच्या उजेडात चमकणाऱ्या खुणांमागून जात डबा गाठायचा. सासुरवाडीला येताच, सासूबाई घरी नसताना, त्याने बेत जाहीर केला. आंधळ्यालाही सापडेल, असं त्याने सासऱ्यांना छातीठोक सांगितलं. चंद्रभानजींनी मान डोलावली. जावई बोलला की ते मानच डोलावत.

शनिवारी दुपारी गाव आडवं झालेलं पाहून भूषण तलावामागच्या जंगलात शिरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लावतात ती रेडियम पट्टी त्याने तुमसरहून आणली होती. मोहाची सात जाडजूड झाडं निवडून प्रत्येकाला वीतभर पट्टी लावली अन् सातव्याच्या ढोलीत टॉप्सचा डबा ठेवला. काम इतकं चोख झालं की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

एक गोष्ट मात्र त्याला कुणी सांगितली नव्हती, कारण गावात ती सांगावी लागत नाही. मोह टपकू लागला की प्रत्येक घर आपापल्या झाडाला खूण करतं. कुणी चुना ओढतं, कुणी चिंधी बांधतं. ज्याची खूण, त्याची फुलं.

रविवारी रात्री जेवणं आटोपून भूषण, मोनिका अन् चंद्रभानजी निघाले. पहिल्याच झाडावर पट्टी चमकली तशी भूषणची छाती फुगली. मग डावीकडे दोन चमकल्या, उजवीकडे चार, अन् पुढे तर सगळी दिवाळीच.

"तुमी सात म्हनलं होतं ना?" मोनिकाने विचारलं.

तासभर ते गोल गोल फिरले. चंद्रभानजी प्रत्येक झाडापाशी थांबून ते कुणाच्या घरचं, हे शांतपणे सांगत होते. सातवं कोणतं, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. शेवटी भूषणने डब्यात काय आहे ते कबूल केलं. मोनिका मटकन दगडावर बसली.

घरी आल्यावर सासूबाईंकडून उलगडा झाला. निर्मलाबाई पहाटे फुलं वेचायला गेल्या, तर त्यांच्या तीन झाडांवर परक्याची खूण. शेजारच्या रुखमिणीच्या चार झाडांवरही तीच. दोघींनी पट्ट्या खरवडून काढल्या, पण चमक आवडली, म्हणून विळ्याने तुकडे करून आपापल्या साऱ्या झाडांना चिकटवल्या. अन् चोराने ठेवलेला डबा पुरावा म्हणून सरपंचांकडे जमा केला.

"उद्या सभा हाय," निर्मलाबाई म्हणाल्या. "तो चोट्टा येऊ तर दे, मी त्याले सोडतच नाई."

भूषणने मोनिका अन् सासऱ्यांना डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. रात्रभर त्याला झोप आली नाही. टॉप्स सोडावेत तर दोन पगारांचं सोनं. मागावेत तर सासूसमोर चोर.

सकाळी सरपंच मधुकररावांनी डबा मधोमध ठेवला अन् ज्याचा असेल त्याने पुढे यावं, असं सांगितलं. निर्मलाबाई सगळ्यांत पुढे उभ्या राहून चोराचा उद्धार करत होत्या. भूषणने मोनिकाकडे पाहिलं अन् तिच्यासाठी तो उठला.

"डबा माझा आहे," तो म्हणाला.

निर्मलाबाई वाक्याच्या मधेच थांबल्या अन् त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

भूषणने सगळी हकीकत सांगितली. मधुकररावांनी ती नीट ऐकून घेतली अन् गावाच्या रिवाजाप्रमाणे दंड सांगितला. दुसऱ्याच्या झाडाला खूण केली, तर झाडामागे एक पहाट त्या घरची फुलं वेचायची. झाडं सात, पहाटा सात. मोनिकाने तिथेच टॉप्स घातले. ती इतकी गोड हसली की भूषणला दंड स्वस्तच वाटला.

मंगळवारी पहाटे चार वाजता तो स्वस्त वाटेनासा झाला. ऑफिसला ताप आल्याचं कळवून भूषण टोपली घेऊन वाकला, तो सातही दिवस वाकलेलाच राहिला.

सातव्या पहाटे कंबर धरून तो सरळ होत होता. रुखमिणीने भरलेली टोपली उचलली अन् मायेने म्हणाली, "जावईबापू, पुढच्या साली माह्या बाकीच्या झाडाईलेबी लावजा पट्ट्या. वेचाले मानूस भेटत नाई."