फ्रिजशेजारची खुर्ची आणि शरद ऋतूची व्हिस्की

एखादा ऋतू आपल्याकडे नसला तरी माणसाचं काही अडत नाही. तो साडूकडे असला की मात्र अडतं. पनवेलला ऋतू अडीच आहेत. उकाडा, पाऊस, आणि स्वेटर कपाटातून काढून परत कपाटात ठेवण्यापुरती अर्धी थंडी. (शाळेच्या पुस्तकात सहा आहेत. पण शाळेच्या पुस्तकात नागरिकांची कर्तव्येही आहेत.) शरद पनवेलला थांबल्याची नोंद कुठेही आढळत नाही. तो जवळच्या कोन गावापाशी एक्सप्रेसवेला लागत असावा आणि थेट पुण्याला उतरत असावा.

पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या निकेशला ही उणीव त्याच्या साडूने दाखवून दिली. साडू निनाद, म्हणजे निकेशच्या मेहुणीचा, अंकिताचा नवरा, न्यू जर्सीला राहतो. तिथे पानं लाल होऊन गळतात आणि सुसंस्कृत माणसं त्या पानांकडे बघत सफरचंद आणि दालचिनी घातलेली व्हिस्की पितात. "आमच्याकडे याला फॉल म्हणतात," निनाद दरवर्षी सुटीवर आला की सांगत असे. सांगताना तो सासऱ्यांच्या शेजारी, सोफ्यावर बसलेला असे.

खरं दुखणं तो सोफाच होता. सासरे काशिराम यांच्या कोनच्या बंगल्यात त्यांच्या उजव्या हाताची जागा निनादची, आणि निकेशची जागा फ्रिजशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. कोणालाही गार पाणी हवं झालं की त्याने उठून खुर्ची सरकवायची. सासऱ्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेणारा निकेश, त्यांच्या मोबाइलमधले सकाळचे फुलांचे फोटो पुसून जागा करून देणारा निकेश, आणि सोफ्यावर मात्र निनाद. स्वतःच्या फ्लॅटमध्येसुद्धा सासरे आले की निकेशचे पाय आपोआप फ्रिजशेजारच्या तसल्याच खुर्चीकडे वळत. त्याला याचं मनापासून वाईट वाटे. तेव्हा त्याने ठरवलं, की यंदा शरद ऋतू घरीच बनवायचा, निनादच्या देखत सासऱ्यांना पाजायचा आणि ती जागा मिळवायची.

इथे काशिराम यांच्या घराण्याचं मद्यविषयक धोरण सांगणं भाग आहे. त्या घरात कोणीही पीत नाही. म्हणजे समोरासमोर पीत नाही. हळदीला सासरे मांडवाच्या मागे आणि जावई मांडवाच्या पुढे, अशी विभागणी असते. चुकून गाठ पडलीच, तर धाकट्याने ग्लास खाली ठेवायचा आणि पाऊसपाण्याची चौकशी करायची. पाठ असेल तर सर्व माफ. पाठीला डोळे नसतात, या एका तत्त्वावर अख्ख्या तालुक्याचा मानमरातब उभा आहे. (यापेक्षा पातळ पायावर मोठमोठी सरकारं उभी राहिलेली आहेत.)

सबब निकेशने आपल्या हॉलमधला सोफा फिरवून त्याचं तोंड बाल्कनीकडे केलं. सासरे बाहेर बघत बसतील, ग्लास त्यांना मागून दिला जाईल, आणि पेयाचं अधिकृत नाव 'सरबत' राहील.

त्यानंतर कृती. मोबाइलवर शोधलेल्या व्हिडिओमधल्या गोऱ्या गृहस्थाने मेपलच्या झाडाचा पाक सांगितला होता. निकेशने गूळ वितळवला. सफरचंदाचा ताजा रस सांगितला होता. पुड्यातला आणला, तो दुपारी स्नेहलने, म्हणजे त्याच्या बायकोने, उकाडा होतोय म्हणून पिऊन टाकला. मग निकेशने आल्याचं पाणी उकळलं, कारण आलंही सफरचंदासारखं आरोग्याला चांगलं असतं. संत्र्याच्या सालीऐवजी लिंबू पिळलं. दालचिनी, लवंग आणि व्हिस्की मात्र शास्त्रशुद्ध पडली. गळलेल्या पानांसाठी तो सोसायटीच्या बदामाखाली गेला आणि लाल पानं वेचून, धुऊन, पुसून घेऊन आला. (वॉचमनने विचारलं, "पूजा आहे का?" निकेश म्हणाला, "हो.")

राहिला धूर. ग्लासात ओकच्या लाकडाचा धूर कोंडायचा होता. खांदा कॉलनीत ओक मिळत नाही. निकेशने नारळाची सोडणं, म्हणजे वरची वाळकी सालं, पेटवली आणि गोऱ्या गृहस्थाच्या सूचनेनुसार स्वतःच्या नाकातोंडाला ओला पंचा बांधला. पाहुण्यांच्या नाकातोंडाचं काय करायचं, हे व्हिडिओत नव्हतं.

संध्याकाळी मंडळी जमली. बाल्कनीकडे तोंड करून काशिराम बसले, शेजारी निनाद. स्वयंपाकघरातून धूर निघाला, हॉलमध्ये आला आणि स्थिरावला. आधी डास गेले. मग निनाद खोकू लागला, मग अंकिता, मग स्नेहल, आणि शेवटी काशिराम असे खोकू लागले की त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सोफा, बाल्कनी, पाठ, सगळं विसरून ते उठून हॉलकडे तोंड करून उभे राहिले.

सासूबाई मालू खोकतच तरातरा स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांनी पातेल्याजवळ नाक नेलं. आलं, गूळ, दालचिनी, लवंग, लिंबू.

"जावायबापू, यो तर काढा हाय! इथं मानूस खोकून मराया आलाय, आनि तुमी ग्लासात पानं कसली लावताव? द्या आदी त्यांना!"

"अहो आई, त्यात..." निकेश म्हणाला आणि थांबला. सासऱ्यांच्या तोंडावर 'व्हिस्की' हा शब्द उच्चारणं धोरणात बसत नव्हतं.

काशिराम यांनी सर्वांदेखत, सर्वांकडे तोंड करून, पहिला घोट घेतला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, निकेशकडे पाहिलं.

"औशद कडक हाय," ते म्हणाले.

"कडक असंल तरच गुन येतो," मालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला पुन्हा भरला.

त्यानंतर काशिराम पुन्हा बाल्कनीकडे तोंड करून बसले आणि त्यांनी सोफ्याच्या उजव्या बाजूवर थाप मारली. "निकेश, तुमी इथं बसा. निनाद, उठ रं."

निकेशचा ऊर भरून आला. तो बसला. निनाद उठला तो इतक्या तत्परतेने, की न्यू जर्सीतली पानंही एवढ्या झटकन गळत नसतील. खोकत खोकत तो फ्रिजशेजारी गेला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, सासऱ्यांच्या पाठीमागे, काढ्याचा मोठ्ठा पेला हातात घेऊन, आणि डोळे मिटून म्हणाला, "किती वर्षं ही खुर्ची मागत होतो मी देवाकडे."

निकेशला तेव्हा कळलं. सासऱ्यांच्या शेजारी बसणाऱ्याला ग्लास हातात धरता येत नाही. काढा घ्यावा, तर ओल्या पंच्यामुळे घरात खोकला नसलेला तो एकटाच होता. त्याने एकदोनदा खोकून पाहिलं. मालूबाईंनी मायेने त्याला हळदीचं दूध आणून दिलं, कारण काढा संपत आला होता.

आता काशिराम यांचा खोकला दर शनिवारी उपटतो. ते कोनहून येतात, निकेश काढा करतो, शेजारी बसतो आणि हळदीचं दूध पितो. मान मोठा आहे.

सुज्ञ वाचकाला निकेशचं हसू आलं असेल. साहजिक आहे. पण मागच्या लग्नात पहिल्या रांगेतला सोफा धरायला आपण किती जणांना कोपर मारलंत, आणि मागचे लोक दुसऱ्यांदा आइस्क्रीम घेऊन आले तेव्हा आपण तिथेच कसे हात जोडून, हसऱ्या चेहऱ्याने, वधूपित्याशेजारी अडकून बसला होतात, तेवढं आठवून पाहा. घसा खवखवला तर दूध घ्या.